एका फटक्याचा फरक

गोल्फ हा खेळ आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलेला असतो आणि खेळलेला तर त्याहूनही थोड्यांनी. तरीही या खेळातील एका जुन्या स्पर्धेची हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत. खेळाची गोडी लावावी हा काही आमचा हेतू नाही. या हकिगतीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या कामातला आहे. एक गोष्ट आधी घडली, दुसरी नंतर घडली. तेवढ्यावरून पहिली गोष्ट दुसरीचे कारण आहे असे म्हणता येईल का? आणि येत नसेल, तर पुरावा म्हणायचे तरी कशाला?

प्रथम खेळाची तोंडओळख. मैदानावर ठरावीक अंतरांवर अठरा खड्डे असतात. काठीने चेंडू टोलवत एकेका खड्ड्यापर्यंत न्यायचा आणि आत घालायचा. अठरा खड्डे झाले की एक फेरी झाली. ज्याला कमीत कमी फटके लागले तो जिंकला. क्रिकेटमध्ये धावा जितक्या जास्त तितके चांगले. येथे हिशेब नेमका उलटा.

हॉयलेकची स्पर्धा

ब्रिटनमधील 'ओपन' अजिंक्यपद स्पर्धा १८६० साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे सुरू झाली. पहिल्या वर्षी ती केवळ व्यावसायिक खेळाडूंसाठी होती. 'व्यावसायिक' या शब्दाने आज डोळ्यांपुढे जे वैभव उभे राहते ते त्या काळी नव्हते. हे लोक कारागीर होते. काठ्या तयार करायच्या, चेंडू बनवायचे, श्रीमंत सभासदांना खेळ शिकवायचा आणि वर्षाकाठी काही स्पर्धा खेळायच्या, असा त्यांचा चरितार्थ चाले.

१९०२ सालची ओपन स्पर्धा ४ आणि ५ जून रोजी लिव्हरपूलजवळच्या हॉयलेक येथे भरली. दोन दिवसांत चार फेऱ्या खेळायच्या होत्या. आदल्या वर्षीचे विजेते जेम्स ब्रेड आणि तोपर्यंत तीन वेळा ही स्पर्धा जिंकलेले हॅरी व्हार्डन हे दोघे मैदानात होते. त्यांच्या जोडीला सेंट अँड्र्यूजमध्ये जन्मलेले चौतीस वर्षांचे सँडी हर्ड होते. हर्ड उत्तम खेळत. पूर्वी ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेही होते, पण अजिंक्यपद मात्र त्यांना हुलकावणी देत आले होते.

त्या वर्षी अमेरिकेतून एक नवा चेंडू येऊ लागला होता. त्याचे नाव हॅस्केल. हर्ड यांचा त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता. स्पर्धेपूर्वीच्या सरावात ते हॉयलेकचेच नामवंत हौशी खेळाडू जॉन बॉल यांच्याबरोबर खेळले. बॉल यांच्याजवळ हॅस्केल चेंडू होता. त्यांनी तो हर्ड यांना मारून पाहायला दिला. चेंडू नेहमीपेक्षा स्पष्टपणे लांब गेला. तेव्हा हर्ड यांनी आपला बेत बदलला आणि स्पर्धा हॅस्केल चेंडूने खेळायची असे ठरवले. आघाडीच्या व्यावसायिक खेळाडूंमध्ये नवा चेंडू वापरणारे ते एकटेच होते, असे त्या स्पर्धेचे इतिहासकार सांगतात.

तीन फेऱ्यांअखेर हर्ड यांचे फटके होते २२६, व्हार्डन यांचे २२९ आणि ब्रेड यांचे २३४. शेवटच्या फेरीत हर्ड यांचा खेळ ढासळला. त्यांना ८१ फटके लागले. व्हार्डन यांना ७९ आणि ब्रेड यांना अवघे ७४ लागले. बेरीज केली तेव्हा हर्ड ३०७, व्हार्डन ३०८ आणि ब्रेड ३०८. तीनशेहून अधिक फटक्यांनंतर एका फटक्याच्या फरकाने अजिंक्यपद हर्ड यांना मिळाले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या ओपन स्पर्धेत लॉरी ऑक्टरलोनी यांनी हॅस्केल चेंडूनेच विजय मिळवला. मग काय विचारता! जुन्या चेंडूचे दिवस भरले. एक-दोन वर्षांत जवळपास सगळ्यांच्या हाती रबरी चेंडू आला. जुने चेंडू साच्यात घालून बनवणाऱ्या आणि झिजलेले चेंडू पुन्हा वितळवून देणाऱ्या कारागिरांच्या मिळकतीचा एक भाग त्याबरोबर गेला, कारण नवा चेंडू कारखान्यातील यंत्रावरच बनत असे. एका फटक्याच्या फरकामागे असे अनेकांचे पोट बांधलेले होते.

हर्ड यांना चेंडूने जिंकून दिले, असे तेव्हापासून लोक म्हणत आले आहेत. हे खरे आहे का?

पिसांपासून रबरापर्यंत

उत्तर शोधण्यापूर्वी चेंडूची घडण पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू बनवत. तो महाग असे आणि भिजला की निकामी होई. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलाया भागातील एका झाडाचा चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो आणि गार झाला की कडक होतो. समुद्रतळावरून नेलेल्या तारायंत्राच्या तारांना याच पदार्थाचे विद्युतरोधक वेष्टण असे. दाताच्या मुळातील पोकळी भरण्यासाठी दंतवैद्य तो आजही वापरतात.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना येथे एक छान उदाहरण मिळते. रबर आणि गटापर्चा या दोहोंचे मुख्य द्रव्य एकच, पॉलिआयसोप्रीन. घटक तेच, सूत्र तेच. फरक आहे तो साखळीच्या ठेवणीत. रबरात ती 'सिस' प्रकारची असते, तर गटापर्चात 'ट्रान्स' प्रकारची. ट्रान्स साखळ्या सरळ असल्याने एकमेकींना बिलगून स्फटिकासारख्या रचल्या जातात आणि पदार्थ ताठ बनतो. सिस साखळ्या वेड्यावाकड्या गुंडाळलेल्या असतात. ताणल्या की उलगडतात, सोडल्या की परत गुंडाळतात. रबराची लवचिकता ती हीच.

अमेरिकेतील क्लीव्हलंडचे कोबर्न हॅस्केल आणि अ‍ॅक्रन येथील गुडरिच रबर कारखान्याचे बर्ट्रम वर्क यांनी या लवचिकतेचा उपयोग केला. रबरी गाभ्याभोवती रबराचा धागा ताणून ताणून गुंडाळायचा आणि वर गटापर्चाचे कवच चढवायचे, ही त्यांची युक्ती. १८९९ साली त्यांना अमेरिकेत एकस्व मिळाले. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्या वेळात चेंडू चेपतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. चेपताना साठवलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा ताणलेले रबर परत करते. ताठ गटापर्चा त्यामानाने कमी परत करतो. म्हणून नवा चेंडू काठीपासून अधिक वेगाने सुटतो.

पण सुटण्याचा वेग ही निम्मीच गोष्ट. सुटलेल्या चेंडूला पुढे हवेतून वाट काढायची असते. तेथे फार मजेशीर प्रकार दिसून येतो.

गुळगुळीत चेंडू मागे का पडतो?

गटापर्चाचे पहिले चेंडू गुळगुळीत होते आणि ते नीट उडत नसत. लोकांच्या लक्षात आले की खेळून खेळून ओरखडे पडलेला, चिरा गेलेला चेंडूच अधिक चांगला जातो. तेव्हा कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खुणा करू लागले. पुढे साच्यातच नक्षी आली. १९०५ साली इंग्लंडमधील लेस्टरचे भिंगनिर्माते अभियंता विल्यम टेलर यांनी उंचवट्यांऐवजी खळ्या असलेल्या चेंडूच्या एकस्वासाठी अर्ज केला. आजच्या चेंडूवर साधारणपणे तीनशे ते पाचशे खळ्या असतात. प्रत्येकीची खोली पाव मिलिमीटरच्या आसपास.

खडबडीत पृष्ठभागाने विरोध वाढेल की कमी होईल, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक मुले 'वाढेल' असेच म्हणतील. साध्या बुद्धीला तेच पटते. मग येथे उलटे का व्हावे?

हवा चेंडूवरून वाहते तेव्हा पृष्ठभागाला अगदी लगटून असलेला थर चेंडूला जवळजवळ चिकटलेला असतो. त्याच्या वरचा थर थोडा वेगाने सरकतो, त्यावरचा आणखी वेगाने. या पातळ पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली मांडली. चेंडूच्या पुढच्या बाजूकडून मधल्या कडेपर्यंत येताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. कड ओलांडली की मागच्या बाजूला दाब पुन्हा चढू लागतो. म्हणजे हवेच्या वाटेवर जणू एक घाट लागतो. वरचे वेगवान थर तो चढून जाऊ शकतात. परंतु पृष्ठभागाशी घासून दमलेला सीमास्तर, घाटाच्या पायथ्याशीच दम सुटलेल्या सायकलस्वारासारखा थांबतो आणि पृष्ठभाग सोडून अलग होतो. गुळगुळीत चेंडूवर हे पुढच्या टोकापासून सुमारे ८० अंशांवर घडते. त्यामागे भोवऱ्यांनी भरलेला रुंद, कमी दाबाचा पट्टा तयार होतो. पुढे जास्त दाब आणि मागे कमी दाब, म्हणून चेंडू जणू मागे खेचला जातो.

आता पृष्ठभागावर खळ्या असल्या तर सीमास्तरातील शांत, स्तरीय प्रवाह मोडून तो संक्षुब्ध होतो. त्यात लहान लहान भोवरे उठतात आणि वरच्या वेगवान थरांतील हवा खाली आणतात. दमलेल्या सायकलस्वाराला मागून कोणी तरी रेटा द्यावा तसे हे होते. सीमास्तर घाट बराच चढून जातो आणि सुमारे १२० अंशांवर अलग होतो. मागचा पट्टा अरुंद होतो आणि विरोध घटतो. संक्षुब्ध प्रवाहामुळे पृष्ठभागावरील घर्षण थोडे वाढते हे खरे, पण दाबामुळे होणारा विरोध त्याहून कितीतरी जास्त कमी होतो.

थोडे गणित करू. चेंडूचा व्यास ४.२७ सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला ६० मीटर धरा. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम आणि श्यानता गुणांक १.८ × १०⁻⁵ एसआय एकके. घनता, वेग आणि व्यास यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागले की रेनॉल्ड्स अंक मिळतो. येथे तो सुमारे १ लाख ७० हजार येतो. गुळगुळीत गोलाचा सीमास्तर आपोआप संक्षुब्ध व्हायला हा अंक सुमारे ३ लाखांपर्यंत जावा लागतो. म्हणजे गोल्फच्या चेंडूचा वेग त्याला अपुरा पडतो. खळ्या असल्या तर हे काम ५० हजारांच्या आसपासच होऊन जाते.

विरोधी बल काढायचे तर हवेच्या घनतेच्या निम्मे, वेगाचा वर्ग, चेंडूच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि अवरोध-गुणांक यांचा गुणाकार करायचा. गुळगुळीत चेंडूसाठी हा गुणांक सुमारे ०.५, तर खळ्यांच्या चेंडूसाठी सुमारे ०.२५ असतो. उत्तरे येतात अनुक्रमे १.५५ आणि ०.७७ न्यूटन. आजच्या नियमांप्रमाणे चेंडूचे वस्तुमान जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, म्हणजे वजन ०.४५ न्यूटन. याचा अर्थ असा की हवेचा विरोध चेंडूच्या वजनाहून मोठा असतो! शालेय पुस्तकात प्रक्षेपकाचे गणित सोडवताना 'हवेचा विरोध दुर्लक्षणीय मानून' असे आपण सहज लिहितो. तो दुर्लक्षणीय नसतो तेव्हा काय होते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आणखी एक बाब आहे फिरकीची. काठीचा चेहरा तिरका असल्याने चेंडू उलट्या फिरकीने, म्हणजे वरचा भाग मागे येईल असा, गरगरत निघतो. तो आपल्यावरून जाणारी हवा खाली वळवतो आणि प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर उचलला जातो. एडिंबरोचे पदार्थवैज्ञानिक पी. जी. टेट यांनी १८९० च्या दशकात याचा सखोल अभ्यास केला. फिरकी मोजण्यासाठी त्यांनी चेंडूला एक लांब फीत बांधली, तो मातीच्या गोळ्यावर मारवला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. किती साधे, किती नेमके! त्यांचा मुलगा फ्रेडी टेट हा स्वतः नामांकित हौशी खेळाडू होता. पुढे १९१० साली जे. जे. टॉमसन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूच्या गतीवर प्रयोगांसह व्याख्यान दिले. इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञाला हा विषय क्षुल्लक वाटला नाही.

मग विजय चेंडूचा की माणसाचा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हर्ड यांच्या चार फेऱ्यांचे फटके होते ७७, ७६, ७३ आणि ८१. शेवटच्या दोन फेऱ्या एकाच दिवशी झाल्या. माणूस तोच, मैदान तेच, चेंडूही हॅस्केलच, आणि तरीही दोन फेऱ्यांत आठ फटक्यांचा फरक! मग चार फेऱ्यांच्या बेरजेत पडलेल्या एका फटक्याच्या फरकाचे श्रेय चेंडूला कसे देता येईल?

सांख्यिकीच्या भाषेत सांगायचे तर या चार आकड्यांचे प्रमाण विचलन सुमारे ३.३ आहे. चार फेऱ्यांच्या बेरजेसाठी त्याला चारच्या वर्गमूळाने, म्हणजे दोनने गुणायचे, ते ६.६ होते. व्हार्डन यांच्या फेऱ्या ७२, ७७, ८० आणि ७९ अशा होत्या. त्यांच्या बेरजेसाठी हाच आकडा सुमारे ७ येतो. या दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की दोघांमधील फरकाची अनिश्चितता मिळते. ती जवळजवळ १० फटके आहे. चारच निरीक्षणांवरून काढलेला हा अंदाज ढोबळ आहे, पण बोध स्पष्ट आहे. मोजलेला फरक १ आणि त्याची अनिश्चितता १०. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने असा निष्कर्ष आणला तर आपण त्याची वही परत करू.

एका स्पर्धेऐवजी अनेक स्पर्धा पाहू. ही स्पर्धा त्या काळी पाच मैदानांवर फिरती होती, म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा त्याच मैदानावर येई. हॉयलेकला १९०२ साली दोन्ही चेंडू खेळात होते म्हणून ते मैदान वगळू. उरलेल्या चारांवर विजेत्याला किती फटके लागले ते असे:

प्रेस्टविक: १८९८ साली ३०७, १९०३ साली ३००.
सँडविच: १८९९ साली ३१०, १९०४ साली २९६.
सेंट अँड्र्यूज: १९०० साली ३०९, १९०५ साली ३१८.
म्युअरफील्ड: १९०१ साली ३०९, १९०६ साली ३००.

प्रत्येक जोडीतील पहिला आकडा गटापर्चाच्या काळातला आणि दुसरा रबरी चेंडूच्या काळातला आहे. तीन ठिकाणी फटके कमी झाले, एका ठिकाणी चक्क वाढले. सेंट अँड्र्यूजला मधल्या काळात वाळूचे नवे खड्डे पाडून मैदान अधिक अवघड केले होते. सरासरी घट येते सुमारे ५ फटक्यांची आणि वरच्या रीतीने काढलेली तिची अनिश्चितताही सुमारे ५ येते. कल चेंडूच्या बाजूने आहे, परंतु खात्री देता येत नाही. हवामान निराळे, मैदान बदललेले, खेळाडू पाच वर्षांनी मोठे झालेले. कशाचा परिणाम किती, हे वेगळे काढता येत नाही.

मग खरा पुरावा कोठे आहे? तो अशा ठिकाणी आहे जेथे एकच गोष्ट बदलली आणि बाकीचे सारे तसेच ठेवले. १९१२ च्या सुमारास गोलाच्या विरोधाची दोन प्रयोगशाळांची मोजमापे जुळत नव्हती. पॅरिसमध्ये गुस्ताव्ह एफेल, ज्यांच्या नावाचा मनोरा प्रसिद्ध आहे तेच, यांना मिळालेला विरोध जर्मनीतील ग्यॉटिंगनच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता. कोणी चुकले होते का? १९१४ साली प्रांटल यांनी वातबोगद्यात एका गुळगुळीत गोलावर, मधल्या कडेच्या थोडे पुढे, बारीक तारेचे कडे बसवले. गोल तोच, हवा तीच, वेग तोच. बदल फक्त तारेचा. विरोध झपाट्याने घटला. तारेने सीमास्तर संक्षुब्ध केला होता. एफेल यांच्या प्रयोगात जास्त वेगामुळे तेच आपोआप घडत होते. दोन्ही प्रयोगशाळा बरोबर होत्या.

या कसोटीवर हॉयलेकची हकिगत पुन्हा पाहिली तर एक गंमत लक्षात येते. हर्ड यांच्या कथेत चेंडूबद्दलचा चांगला पुरावा आहे, पण तो अजिंक्यपदात नाही. तो सरावाच्या त्या फेरीत आहे. एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच मैदानावर दोन्ही चेंडू मारले आणि कोणता लांब जातो ते पाहिले. तुलना लहान होती, मोजमाप डोळ्यांनीच केलेले होते, तरी प्रयोगाची रीत बरोबर होती. हर्ड यांनी आपल्या जुन्या मताला चिकटून न राहता डोळ्यांसमोरच्या निरीक्षणाला मान दिला. जगाने मात्र लक्षात ठेवले ते त्यांचे विजेतेपद, आणि त्यालाच पुरावा मानले. निष्कर्ष बरोबर निघाला हा योगायोग. शेवटच्या फेरीत हर्ड यांना आणखी दोन फटके लागले असते, तर अजिंक्यपद हुकले असते. चेंडूच्या गुणात मात्र तसूभरही फरक पडला नसता.

वर्गात करून पाहण्यासाठी

वरील चार मैदानांचे आकडे फळ्यावर लिहावेत आणि त्यांवरून नवा चेंडू चांगला ठरतो का, यावर मुलांचे दोन गट करून वाद घडवावा. सेंट अँड्र्यूजचा आकडा वगळावा की नाही, यावर विशेष चर्चा होऊ द्यावी. नको असलेले निरीक्षण टाकून देण्याचा मोह कसा होतो, हे मुलांना त्यातून उमगेल.

फिरकीसाठी एक सोपा प्रयोग आहे. जाड कागदाची वीतभर लांबीची हलकी नळी करावी. टेबलाच्या काठाशी एक फळी तिरकी ठेवून तिच्यावरून नळी घरंगळू द्यावी. फळीवरून सुटल्यावर ती पुढे पडेल असे वाटते, पण फिरकीमुळे ती वळून टेबलाच्या खालच्या बाजूस येते. मग तीच नळी फिरकी न देता हातातून सोडावी. नळी तीच, उंची तीच, बदल फक्त फिरकीचा. हे वाक्य मुलांकडून वहीत लिहून घ्यावे.

आपल्या मुलांना क्रिकेट अधिक जवळचे. नव्या चेंडूची शिवण एका बाजूचा सीमास्तर संक्षुब्ध करते, दुसऱ्या बाजूचा शांत राहतो आणि चेंडू हवेत वळतो. तत्त्व खळ्यांचेच आहे. अमुक गोलंदाजाने अमुक सामना अमक्या कारणाने जिंकला, अशी विधाने मुले रोज वाचतात. अशा वेळी 'बाकी सारे तसेच ठेवून फक्त ही गोष्ट बदलली असती तर काय झाले असते?' एवढा एक प्रश्न विचारायची सवय त्यांना लागली, तर हॉयलेकच्या त्या एका फटक्याचे चीज झाले असे आम्ही मानू.